समुद्रापासून ३०० किलोमीटर दूर, तरी रोमशी जोडलेलं गाव: धाराशिवच्या तेरमध्ये नेमकं काय पाहायचं?

तुळजाभवानीचं दर्शन झालं. हातात अर्धा दिवस शिल्लक आहे. गाडीतलं कुणीतरी मोबाईलवर मॅप उघडून म्हणतं, "तेर जवळच आहे, जाऊन येऊ. फार जुनं गाव आहे म्हणे."

तासाभरात तेर येतं आणि बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो. नेहमीसारखा बाजार, नेहमीसारखी घरं, नदीकाठी देवळं. डोंगरावर किल्ला नाही, कातळात लेणी नाहीत, तिकिटाला रांग नाही. गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवायचं, दोन फोटो काढायचे आणि परत फिरायचं. "एवढं नाव ऐकलं होतं, पण बघायला काहीच नाही," असं म्हणत मंडळी गाडीत बसतात.

गंमत अशी की जवळपास २००० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने दख्खनमधल्या दोनच बाजारपेठा विशेष महत्त्वाच्या म्हणून नोंदवल्या होत्या. एक पैठण आणि दुसरी तगर. हे तगर म्हणजेच आजचं तेर.

मग एवढं मोठं शहर गेलं कुठे? ते दिसत का नाही? आणि तेरला गेलंच तर काय आणि कसं पाहायचं? समजून घेऊया.

तेर नेमकं कुठे आहे?

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणा नदीच्या काठावरचं गाव. धाराशिव शहरापासून साधारण २० किलोमीटर. जिल्ह्याचं आधीचं नाव उस्मानाबाद होतं. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून ते पडलं होतं. २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं.

कोकणचा किनारा इथून सरळ रेषेत मोजला तरी ३०० किलोमीटरहून जास्त लांब आहे. मध्ये अख्खं पठार आणि सह्याद्री. म्हणजे बंदराशी या गावाचा दुरूनही संबंध असेल असं वाटत नाही. पण होता, आणि चांगला घट्ट होता.

'तगर' हे नाव कुठे सापडतं?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक छोटं ग्रीक पुस्तक आहे. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही. पण मजकुरावरून तो इजिप्तमधला, समुद्री व्यापाराची बारीक माहिती असलेला माणूस होता हे कळतं. तांबडा समुद्र, अरबस्तान आणि भारताच्या किनाऱ्यावर कुठलं बंदर कुठे आहे, तिथे काय विकलं जातं, काय विकत मिळतं याची ती यादी आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर व्यापाऱ्यांसाठीचं ट्रॅव्हल गाईड.

त्यात भरूचबद्दल सविस्तर माहिती आहे. नर्मदेच्या मुखाजवळच्या या बंदराला ग्रीक लोक 'बॅरिगाझा' म्हणत. या बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या प्रवासावर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर हे फार मोठं शहर आहे, असं लेखक सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड यायचे, तगरहून कापड यायचं. त्यात साधं जाडंभरडं कापडही होतं आणि तलम मलमलही. हा सगळा माल बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचला पोहोचायचा.

हा लेखक स्वतः तगरला आला असेल का? बहुधा नाही. त्याची किनाऱ्याची माहिती पक्की आहे, पण आतल्या भागाबद्दल तो ऐकीव गोष्टी सांगतो असं दिसतं. त्याची दिशाही थोडी चुकली आहे. तेर पैठणच्या थेट पूर्वेला नसून आग्नेयेला येतं.

या चुकीमुळे पुढे बराच घोळ झाला. एकोणिसाव्या शतकात अभ्यासक 'तगर' शोधायला लागले तेव्हा कुणी ते दौलताबाद असल्याचं म्हटलं, कुणी जुन्नर, तर डॉ. रा. गो. भांडारकरांना ते धारूर असावं असं वाटलं. अखेर १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजे तेर, असं मांडलं. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स इथे येऊन देवळं आणि टेकाडं पाहून गेले, आणि त्यांनी तेरवर सविस्तर लिहिलं. हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

अंतराचा हिशेब आपणही करू शकतो. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर भरतं. १० दिवसांत म्हणजे दिवसाला १५ किलोमीटर. भरलेल्या बैलगाडीची चाल धरली तर आकडा बरोबर बसतो.

तगर हे नाव नंतरही विसरलं गेलं नाही. मध्ययुगात कोकणात आणि कोल्हापूर भागात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य कोकणात, पण आपण मूळचे तगरचे, हा अभिमान त्यांनी बिरुदात जपला होता.

तेरचं कापड भूमध्य समुद्रापर्यंत कसं जायचं?

हा प्रवास टप्प्याटप्प्याचा होता.

तेरहून पैठण आणि पैठणहून भरूच हा टप्पा बैलगाडीचा. भरूचला माल जहाजात चढायचा आणि अरबी समुद्र पार करून तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांवर उतरायचा. तिथून उंटावर लादून वाळवंटातून नाईल नदीपर्यंत. मग नदीतून होडीने अलेक्झांड्रिया. आणि तिथून भूमध्य समुद्र ओलांडून इटली.

या सगळ्याचं वेळापत्रक ठरवायचा आपला मान्सून. इजिप्तमधून जहाजं जुलैच्या आसपास सुटायची आणि नैऋत्य वाऱ्यांच्या जोरावर भारतात यायची. परतीसाठी वारे उलटे फिरायची वाट पाहावी लागे. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे सुरू झाले की जहाजं निघायची. म्हणजे ज्या पावसाच्या वाऱ्यांवर तेरच्या शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं, त्याच वाऱ्यांवर तेरच्या व्यापाऱ्याचंही ठरायचं.

बदल्यात काय यायचं? भरूचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची दारू आहे, काच आहे, तांबं, कथील, शिसं आहे, सोन्याचांदीची नाणी आहेत आणि पोवळं आहे.

हे पोवळं लक्षात ठेवा. लाल पोवळं हे भूमध्य समुद्राचं खास उत्पादन. सिसिली आणि तिच्या जवळच्या बेटांभोवती ते काढलं जायचं. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की रोमन बायकांना भारतीय मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच भारतीयांना पोवळ्याचं. याच प्लिनीची आणखी एक तक्रार प्रसिद्ध आहे. भारताकडून चैनीच्या वस्तू घेण्यात रोमचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स खर्च होतात, असं त्याचं म्हणणं होतं. सेस्टर्स हे रोमन नाणं. आज आपण आयातीवर जाणाऱ्या डॉलरची चिंता करतो, तसलाच हा प्रकार.

तेरची बाहुली आणि ज्वालामुखीत गाडलं गेलेलं शहर

इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई हे शहर राखेखाली गाडलं गेलं. वर उल्लेख केलेला प्लिनीही त्याच उद्रेकात मरण पावला.

१९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती सापडली. उंची साधारण २५ सेंटीमीटर. भरपूर दागिने घातलेली एक स्त्री आणि दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका. मूर्ती बघताक्षणी भारतीय वाटते. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

याच शैलीतली, पण आकाराने लहान अशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरमध्ये सापडली आहे. मराठवाड्यातच जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशाच धर्तीचं हस्तिदंती काम मिळालं. त्यामुळे पॉम्पेईची ती मूर्ती आपल्या भागातूनच गेली असावी का, यावर अभ्यासक चर्चा करत आले आहेत. एकमत नाही. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही मुख्यतः वायव्य भारतात वापरली जायची. म्हणून ती तिकडची किंवा तिकडून गेलेली असावी, असाही एक तर्क आहे.

उत्तर काहीही असो, तेरच्या मूर्तीसमोर उभं राहताना एवढं लक्षात ठेवलं तरी बघण्यात फरक पडतो. हातात मावेल एवढी ही वस्तू, आणि तिच्यासारखीच एक नेपल्समध्ये काचेच्या कपाटात उभी आहे.

मग एवढं शहर दिसत का नाही?

याचं उत्तर समजायला भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर जाऊन यावं लागेल. बेटाचं नाव डेलोस.

ग्रीसमधलं हे बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. ग्रीक पुराणात अपोलो देवाचं जन्मस्थान. इसवी सनपूर्व १६६ मध्ये रोमने इथलं बंदर करमुक्त केलं आणि बघता बघता ते मोठी व्यापारी पेठ बनलं. इसवी सनपूर्व ८८ आणि ६९ मध्ये हल्ले झाले, बेट लुटलं गेलं आणि पुढे हळूहळू ओस पडलं.

ते ओस पडलं म्हणूनच आज पर्यटकांना दिसतं. १८७३ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तिथे उत्खनन करत आहेत. १९९० मध्ये बेट जागतिक वारसा यादीत आलं. पर्यटक शेजारच्या मायकोनोस बेटावरून बोटीने येतात, रस्ते, घरं, नाट्यगृह, फरशीवरची रंगीत चित्रं पाहतात आणि त्याच दिवशी परत जातात. रात्री मुक्कामाला परवानगी नाही. बेटावर राहतात ते राखणदार आणि संशोधनासाठी आलेली मोजकी माणसं.

तेरचं बरोबर उलट झालं. रोमशी होणारा व्यापार आटला, शहराचा दिमाख गेला, पण माणसं गेली नाहीत. घर पडलं की त्याच मातीवर नवं घर उभं राहिलं. असं शेकडो वर्षं चाललं आणि एकावर एक थर साचून टेकाडं तयार झाली.

अशा वस्तीच्या मातीला मराठीत एक नेमका शब्द आहे: पांढर. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. वर्षानुवर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती मिसळून ही माती फिकट होते. महाराष्ट्रात पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्ती शोधताना 'पांढरीचं टेकाड कुठाय?' हेच आधी विचारतात.

आणि या पांढरीचा गावाला उपयोगही होता. धाब्याच्या घरांवर टाकायला, भिंती लिंपायला, शेतात खत म्हणून घालायला ही माती खणून नेली जायची. मातीबरोबर थरही गेले. पाया खणताना रांजण निघाला, पावसाने दरड धुतली की मणी वर आले, हे अशा गावांना नवीन नसतं.

शिवाय या भागातलं जुनं बांधकाम विटा, माती आणि लाकडाचं होतं. डेलोसचा संगमरवर २००० वर्षं उभा राहतो. लाकूड कुजतं, विटा लोक नव्या भिंतीत वापरतात.

म्हणून तेरमध्ये 'अवशेषांचं शहर' शोधू नका. ते गावाच्या खाली आहे. काही भागांत उत्खननं झाली आहेत, पण राहती घरं उठवून खाली काय आहे ते बघणं शक्यही नाही आणि योग्यही नाही.

एका गावकऱ्याने वाचवलेला खजिना

तेरमध्ये सगळ्यात आधी जायला हवं ते संग्रहालयात. नाव आहे कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय.

हे नाव एखाद्या राजाचं किंवा मंत्र्याचं नाही. लामतुरे तेरचेच रहिवासी. गावात आणि शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि सांभाळल्या. इतरांना फुटकं मडकं किंवा मुलांचं खेळणं वाटणारी वस्तू त्यांनी जपून ठेवली. त्यांच्या संग्रहातूनच आजचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं.

इथे वस्तू बऱ्याच आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने या गोष्टींवर विशेष थांबावं.

पांढऱ्या मातीच्या मूर्ती: केओलिन नावाच्या पांढऱ्या चिकणमातीच्या या मूर्तींसाठी तेर अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, दोन्ही भाग जोडून आतून पोकळ मूर्ती बनवली जायची. चेहरे, केशरचना, दागिने नीट पाहा. सातवाहन काळातल्या बायका केस कसे बांधायच्या हे इथे कळतं.

मातीची 'रोमन नाणी': रोमन सम्राटांच्या नाण्यांची मातीत केलेली नक्कल. ती खरेदीविक्रीसाठी नव्हती. भोक किंवा कडी ठेवून ती गळ्यात घालायचे. ज्यांना सोन्याचं नाणं परवडत नाही त्यांच्यासाठी मातीचं. यात नवल वाटायचं कारण नाही, कारण मराठी घरांत आजही पुतळ्यांची माळ असते. 'पुतळी' हे मूळचं इटलीतल्या व्हेनिसचं सोन्याचं नाणं. परदेशी नाणं ओवून गळ्यात घालायची हौस आपल्याकडे २००० वर्षांची आहे.

मणी आणि बांगड्या: अकीक, काच, शंख अशा वेगवेगळ्या गोष्टींचे. शंखाच्या बांगड्या बघताना आठवा, समुद्र ३०० किलोमीटर दूर आहे. पण तुळजापूरला देवीच्या भक्तांच्या गळ्यात आजही कवड्यांची माळ असते आणि कवडीही समुद्रातूनच येते. समुद्राची वस्तू पठारावर आणून गळ्यात मिरवायची सवय इथे मोडलेलीच नाही.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती: हिच्याबद्दल वर वाचलंच. ती लहान आहे, त्यामुळे घाईत नजरेतून सुटू शकते. संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांना विचारा.

देवळं पाहताना कुठे उभं राहायचं?

संग्रहालयानंतर त्रिविक्रम मंदिर. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणारा वामन अवतार. बहुतेक जण समोरून दर्शन घेऊन निघतात आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट राहून जाते. मंदिराच्या मागच्या बाजूला जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नसून अर्धगोल आहे आणि वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं फुगीर आहे. याला 'गजपृष्ठाकार' म्हणतात. कार्ले, भाजे इथल्या चैत्यगृहांचा आकार आठवा. तोच आकार, पण डोंगरात कोरलेला नाही, विटांनी बांधलेला.

आकारामुळेच हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं आणि नंतर त्याचं विष्णू मंदिर झालं, असं कझिन्स यांच्यासह काही अभ्यासकांनी मांडलं. ते सुरुवातीपासून हिंदू मंदिरच असावं असंही मत आहे. वाद बाजूला ठेवला तरी, विटांची एवढी जुनी आणि या आकाराची इमारत उभी असणं हीच दुर्मीळ गोष्ट. भारतात अशी उदाहरणं हातावर मोजण्याइतकी आहेत. आंध्र प्रदेशातलं चेझर्ला इथलं कपोतेश्वर मंदिर त्यातलं एक.

दुसरं उत्तरेश्वर मंदिर. हेही विटांचं. याच्या विटांवरचं नक्षीकाम आणि लाकडी दाराची कोरीव चौकट यांची नोंद कझिन्स यांनी घेतली होती. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, अशी त्यांची ख्याती आहे. यात जादू नाही. मातीत भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळून जातो, आत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. (तरंगते का ते बघायला देवळाची वीट काढू नका, हे सांगायची गरज पडू नये.)

तिसरं ठिकाण सगळ्यांना माहीत असलेलं. तेरणेच्या काठावरचं संत गोरा कुंभारांचं समाधी मंदिर. ज्ञानेश्वर आणि नामदेवांच्या काळातले हे संत तेरचे. चिखल तुडवताना विठ्ठलनामात एवढे रंगले की पायाखाली आलेलं स्वतःचं मूल दिसलं नाही, ही कथा घराघरांत सांगितली जाते. दुसरी कथा संतांच्या मेळ्याची. मडकं कच्चं की पक्कं हे पाहायला कुंभार थापटण्याने ठोकतो. तसंच गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर ठोकून पाहिलं. सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र चिडले. मग निकाल लागला: हे मडकं अजून कच्चं आहे.

संग्रहालय पाहून आलेल्याला इथे काहीतरी जुळल्यासारखं वाटेल. केओलिनच्या मूर्ती, मातीची नाणी, विटांची देवळं, आणि गावाचं सगळ्यात मोठं नाव एका कुंभाराचं. तेर हे मातीत काम करणाऱ्यांचं गाव आहे आणि ती कला सातवाहनांच्या काळापासूनची आहे.

'काहीच नाही' म्हणणारे चुकतात का?

पूर्ण चुकतात असं नाही. तेरसारख्या ठिकाणी येणाऱ्याला अडचणी येतात. काय कुठे आहे हे सांगणारे फलक कमी पडतात, माहिती देणारं माणूस मिळेलच याची खात्री नसते. वेरूळ-अजिंठ्यासारखी तयार सोय इथे नाही. ज्याला काही माहीत नाही त्याला जागा स्वतःहून काही सांगत नाही.

पण यात आणखी एक धोका आहे आणि तो थेट सोशल मीडियाशी जोडलेला आहे. जुन्या गावांबद्दलच्या रील्समध्ये 'इथे अजूनही सोनं सापडतं', 'जमिनीखाली खजिना' अशी शीर्षकं चालतात. मग लोक टेकाडावर मणी शोधत फिरतात, खापरं खिशात घालतात, काही जण खणायलाही मागेपुढे पाहत नाहीत.

एक मणी उचलल्याने काय बिघडतं? मण्याची किंमत मण्यात नसते, तो कुठल्या थरात आणि कशाबरोबर सापडला यात असते. खालच्या थरात रोमन बनावटीच्या खापराशेजारी सापडलेला मणी काळ सांगतो, व्यापार सांगतो. खिशातून घरी आलेला मणी फक्त मणी असतो. पांढरीचे थर म्हणजे पुस्तकाची पानं आहेत, आणि तेरच्या पुस्तकातली बरीच पानं आधीच गेली आहेत.

कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने परवान्याशिवाय पुराणवस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. काही दिसलं तर ते जागेवर ठेवून फोटो काढा आणि संग्रहालयात किंवा ग्रामपंचायतीत कळवा. लामतुरे यांनी गावातल्या वस्तू गावातच राखल्या म्हणून आज आपण त्या पाहू शकतो.

जायचं असेल तर बेत कसा आखाल?

• तेरला किमान तीन तास द्या. क्रम असा ठेवा: संग्रहालय, त्रिविक्रम, उत्तरेश्वर, शेवटी गोरोबाकाकांची समाधी आणि नदीकाठ. संग्रहालय आधी पाहिलं तर बाकीचं गाव कळतं.

• संग्रहालयाचा सुट्टीचा वार आणि वेळ निघण्याआधी विचारून घ्या. ते बंद असेल तर निम्मं तेर राहून जाईल.

• पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. उन्हाळ्यात दुपारी फिरणं त्रासाचं होतं. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला गर्दी असते. उत्सव पाहायचा असेल तर तेव्हा जा, निवांत देवळं पाहायची असतील तर टाळा.

• देवळं पूजेतली आहेत. आतले फोटो विचारून काढा. घरांच्या अंगणात, भिंतींशी कॅमेरा घेऊन शिरू नका.

• दिवस उरला तर धाराशिव शहराजवळची लेणी पाहता येतील. तेरचा आणि या लेण्यांचा संबंध जुना आहे. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश भाषेतल्या जैन काव्यात 'तेरापूर' आणि इथली लेणी दोन्ही येतात.

• दोन दिवस असतील तर दुसरा दिवस नळदुर्गला द्या. बोरी नदीवर किल्ल्यातच बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तेव्हा 'नर' आणि 'मादी' हे धबधबे बघायला गर्दी होते.

डेलोसला जाणारा प्रवासी संध्याकाळच्या बोटीने परत फिरतो, कारण तिथे राहायला परवानगीच नाही. तेरमध्ये संध्याकाळी चुली पेटतात, देवळात हरिपाठ सुरू होतो, पोरं टेकाडाच्या उतारावर खेळत असतात. तगर त्यांच्या पायाखाली आहे. पुढच्या वेळी तुळजापूरहून अर्धा दिवस हातात असेल तर इकडे वळा, आणि परतताना खिशात फोटोंशिवाय काही नसू द्या.